पन्नास लाखांचा वाटा : ली चांग-दोंग यांच्या ‘पोएट्री’तल्या एका समेटाचा अभ्यास

कोरियातल्या एका लहान शहरातलं रेस्टॉरंट. आतल्या वेगळ्या खोलीत काही पुरुष बसलेत, समोर बिअर आहे. त्यांच्यात एकच बाई. मिजा, वय ६६, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात फुलाफुलांचे कपडे, जणू कुणाच्या लग्नाला निघालीय. जमलेल्या बापांची मुलं आणि मिजाचा नातू उक एकाच शाळेत शिकतात, एकाच टोळक्यात असतात. या सहा पोरांनी शाळेतल्याच एका मुलीवर कित्येक महिने बलात्कार केला. त्या मुलीनं पुलावरून नदीत उडी टाकली. शाळेला हे कळलंय, बाहेर अजून फुटलेलं नाही. मुलीची आई शेतात राबणारी बाई. बापांनी आपसात बोलून आकडा ठरवलाय : तीन कोटी वॉन. घरटी पन्नास लाख.

बोलणी शांतपणे चाललीत. कुणी आवाज चढवत नाही, कुणी रडत नाही. मुलांचं पुढं कसं होणार, एवढी एकच काळजी खोलीत फिरतेय. मेलेल्या मुलीचा उल्लेख येतो तो तिच्या आईला किती दिले म्हणजे ती गप्प बसेल या हिशेबात. मिजा काही बोलत नाही. थोड्या वेळानं उठते आणि बाहेर जाते. काचेतून बापांना दिसतं : म्हातारी अंगणात कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या लालभडक फुलावर वाकलीय आणि पर्समधली छोटी वही काढून काहीतरी लिहितेय.

चित्रपट रसास्वादाच्या शिबिरांत मी ‘पोएट्री’ या कोरियन चित्रपटातला हा प्रसंग अनेकदा दाखवला आहे. दर वेळी दोन प्रश्न येतात. ती उठून का गेली? आणि शेवटी तिनं आपला वाटा भरला, मग दारात पोलीस कसे आले? पहिल्याचं उत्तर मंडळी पटकन देतात. दुसऱ्यावर वाद होतो, चहा गार होतो, कुणीतरी म्हणतं, ‘सर, तक्रारच करायची होती तर पैसे कशाला दिले?’ माझ्या मते त्याचे दिग्दर्शक ली चांग-दोंग यांची सगळी कारकीर्द या एका प्रश्नात आहे. म्हणून हे प्रकरण मी तिथूनच उलगडणार आहे.

१९९७ ते २०१८ या काळात ली यांनी सहाच मोठे चित्रपट केले. सहाही ठिकाणी कुणीतरी कुणाचा तरी हिशेब परस्पर मिटवतं. कधी भाऊ मिटवतो, कधी सरकार, कधी साक्षात देव. ‘परस्पर’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण ज्याच्यावर बेतलं तो त्या खोलीत कधीच नसतो. आपल्याकडे याला मांडवली म्हणतात. ली यांचा कॅमेरा मांडवलीच्या खोलीत शिरतो, सगळं ऐकून घेतो, आणि मग जो खोलीत नाही त्याला शोधायला बाहेर पडतो.

माणूस

ली यांचा जन्म १९५४ चा, देगू शहरातला. विद्यापीठात कोरियन भाषेच्या अध्यापनाचं शिक्षण घेतलं आणि काही वर्षं माध्यमिक शाळेत भाषा शिकवली. १९८३ मध्ये ‘दोंगा इल्बो’ या दैनिकाच्या नववर्ष साहित्यस्पर्धेत त्यांची दीर्घकथा निवडली गेली आणि ते लेखक म्हणून ओळखले जाऊ लागले. ऐंशीचं दशक त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिण्यात घालवलं. तो काळ लष्करी राजवटीचा होता, ग्वांगजू शहरात लष्करानं केलेल्या कत्तलीवर उघड बोलणंही महागात पडे.

चित्रपटात ते आले तेव्हा चाळिशीला टेकले होते. दिग्दर्शक पार्क क्वांग-सू यांच्यासाठी १९९३ मध्ये पटकथा लिहिली आणि सेटवर साहाय्यक म्हणूनही राबले. १९९५ मध्ये त्यांच्याचसाठी जोन ते-इल या कामगार तरुणाच्या आयुष्यावरच्या चित्रपटाच्या लेखनात हात लावला. कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या पोरींसाठी कामगार कायदे पाळा, असं ओरडत या तरुणानं १९७० मध्ये स्वतःला पेटवून घेतलं होतं. ली यांचा स्वतःचा पहिला चित्रपट १९९७ चा, ‘ग्रीन फिश’. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते.

भाषेच्या या शिक्षकाची नजर पुढं कायम राहिली. ‘पोएट्री’त मिजाला विस्मरणाचा आजार जडतो. डॉक्टर सांगतात, आधी नामं जातील, मग क्रियापदं. वर्गात फळ्यावर शब्दांच्या जाती लिहिलेल्या माणसालाच हे असं सुचतं. वस्तूचं नाव विसरलं तरी वस्तू डोळ्यांसमोर असते. पण केलेल्या कृत्याला काय म्हणतात हेच विसरलं तर? मुलांनी जे केलं त्याला त्या खोलीतला एकही बाप त्याच्या नावानं हाक मारत नाही. सगळे ‘ते प्रकरण’ म्हणतात, तसं म्हणायला त्यांना कुठलाही आजार झालेला नसताना.

आधीचे समेट

‘ग्रीन फिश’मध्ये घरातला धाकटा मुलगा सैन्यातून परततो. शेतं होती तिथं आता इल्सान या नव्या शहराच्या इमारती उभ्या राहिल्यात, घरचे पांगलेत. पोरगा एका गुंडाच्या हाताखाली लागतो, त्याच्यासाठी खून करतो आणि शेवटी त्याच्याच हातून मरतो. पुढं घरचे सगळे एकत्र येऊन जुन्या घरात खानावळ काढतात, आणि एक दिवस तोच गुंड आपल्याबरोबर बायकोसारखी राहणाऱ्या बाईला घेऊन तिथं जेवायला येतो. आपण कुणाच्या घरी जेवतोय हे त्याला माहीत नाही. आपण कुणाला वाढतोय हे घरच्यांना माहीत नाही. अंगणातलं झाड बघून बाईला मात्र त्या पोराच्या फोटोतलं झाड आठवतं. हिशेब मिटला, सगळ्यांचं पोट भरलं, आणि मेलेला पोरगा एका झाडात उरला.

१९९९ मधला ‘पेपरमिंट कँडी’ उलटा चालतो. त्या वर्षी बुसान महोत्सवाचं उद्‌घाटन याच चित्रपटानं झालं, आणि तो चित्रपटगृहांत लागला १ जानेवारी २००० ला, नव्या शतकाच्या पहिल्या सकाळी. यंग-हो रेल्वेच्या पुलावर उभा राहून येणाऱ्या गाडीसमोर ओरडतो की मला परत जायचंय. मग सात टप्प्यांत चित्रपट १९९९ वरून १९७९ पर्यंत मागे सरकतो. मधल्या प्रत्येक जोडावर धावत्या गाडीच्या मागून घेतलेलं दृश्य उलटं फिरवलेलं आहे. आधी लक्षात येत नाही, मग रूळाकडेची माणसं पाठमोरी मागे मागे चालताना दिसतात आणि पोटात कसंतरी होतं.

यंग-हो आधी दिवाळं निघालेला माणूस असतो, त्याआधी यशस्वी धंदेवाईक, त्याआधी विद्यार्थ्यांना छळणारा पोलीस, आणि त्याआधी मे १९८० मध्ये ग्वांगजूला पाठवलेला कोवळा शिपाई. रात्रीच्या रेल्वे यार्डात घरी जाऊ पाहणारी एक शाळकरी मुलगी त्याला भेटते. तिला पळून जाता यावं म्हणून तो गोळ्या झाडतो आणि एक गोळी तिलाच लागते. छळलेला एक विद्यार्थी त्याला अनेक वर्षांनी एका हॉटेलच्या मुतारीत भेटतो. त्याच्या डायरीतलं जुनं वाक्य यंग-होला अजून पाठ आहे : आयुष्य सुंदर आहे. तो तेच वाक्य त्याला ऐकवतो आणि हात धुऊन निघून जातो. त्या वाक्यावर आजही मला चित्रपट क्षणभर थांबवावा लागतो.

या चित्रपटाच्या दोन वर्षं आधी काय घडलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. ग्वांगजूच्या कत्तलीबद्दल माजी हुकूमशहा चुन दू-ह्वान यांना १९९६ मध्ये फाशी सुनावली गेली, पुढं ती जन्मठेपेवर आली, आणि डिसेंबर १९९७ मध्ये त्यांना माफी मिळाली. ती राष्ट्रीय ऐक्याच्या नावानं दिली गेली. ज्यांची लेकरं यार्डात, रस्त्यावर, चौकात मेली त्यांच्या होकाराची कायद्याला गरज नव्हती. ली यांनी चित्रपटात त्या माफीचा थेट उल्लेख केला नाही. त्यांनी गाडी उलटी चालवली.

२००२ च्या ‘ओएसिस’मध्ये समेट दोन घरांत होतो. जोंग-दू अपघातात माणूस मारल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलाय, पण गाडी त्याचा मोठा भाऊ चालवत होता. घरासाठी यानं गुन्हा अंगावर घेतला आणि घराला तो आता नकोसा झालाय. मेलेल्या माणसाची मुलगी गोंग-जू, सेरेब्रल पाल्सी झालेली. तिच्या अपंगत्वावर मिळालेल्या नव्या घरात भाऊ-भावजय राहतात आणि तिला जुन्या खोलीत टाकून गेलेत. या दोघांचं प्रेम जमतं. एकदा त्यांना एकत्र पकडतात, आणि पोलीस ठाण्यात तो बलात्कारी ठरतो. दोन्ही घरचे मोठे आपसात बोलतात. गोंग-जू सांगू पाहते, पण शरीर आवळलेलं असतं, शब्द बाहेर येत नाहीत, आणि ती व्हीलचेअर कपाटावर आपटत राहते. खोलीतली सगळी माणसं तिच्या बाजूनं बोलत असतात. तिचं मात्र कुणी ऐकत नाही.

तिच्या भिंतीवर एक गालिचा आहे. वाळवंटातलं हिरवळीचं बेट, त्यावर एक हत्ती, एक भारतीय बाई आणि एक मूल. रात्री बाहेरच्या झाडाच्या फांद्यांची सावली त्यावर पडते आणि तिला भीती वाटते. शेवटी पोलिसांच्या तावडीतून निसटलेला जोंग-दू त्या झाडावर चढून फांद्या तोडतो. खाली पोलीस, आत रेडिओचा आवाज वाढवून त्याला उत्तर देणारी ती. दोन्ही घरच्यांनी मिळून जो समेट केला त्यात या दोघांनी एकमेकांना जे कबूल केलं होतं ते कुठंच नव्हतं. वेनिसमध्ये या चित्रपटासाठी ली यांना दिग्दर्शनाचा खास पुरस्कार मिळाला, आणि गोंग-जू झालेल्या मून सो-री यांना उदयोन्मुख कलाकाराचा.

स्वतः खोलीत

फेब्रुवारी २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यन यांनी ली यांना संस्कृती व पर्यटन मंत्री केलं. २००४ च्या मध्यापर्यंत ते त्या पदावर होते. कोरियात प्रत्येक चित्रपटगृहानं वर्षातले १४६ दिवस देशी चित्रपट दाखवावेत असा नियम होता. अमेरिकेला तो मोडून हवा होता, चित्रपटवाले त्याच्या रक्षणासाठी रस्त्यावर उतरले होते, आणि ली त्यांच्याच बाजूचे होते. मंत्री झाल्यावर मात्र टेबलाच्या पलीकडे बसावं लागलं. २००४ मध्ये कोट्यात बदल करण्याचा विचार व्हावा असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं, आणि जुने सहकारी दुखावले. ते गेल्यावर २००६ मध्ये कोटा ७३ दिवसांवर आला.

त्यांच्या मनात काय चाललं होतं यावर मी लिहिणार नाही. एवढंच नोंदवतो की तडजोडीची खोली त्यांनी आतून पाहिली, आणि मंत्रिपदानंतरचा त्यांचा पहिला चित्रपट क्षमेवर होता.

मिर्यांग

‘सीक्रेट सनशाइन’ २००७ चा. मिर्यांग या दक्षिणेतल्या शहराच्या नावातल्या चिनी अक्षरांचा अर्थ गुप्त ऊन असा होतो, तिथून शीर्षक आलं. मूळ कथा यी चोंग-जुन यांची, १९८५ ची. ली यांनी ती १९८८ मध्ये वाचली. कोरियाच्या संसदेत त्याच सुमाराला ग्वांगजूच्या चौकशीच्या सुनावण्या चालू होत्या, आणि एका अपहृत मुलाची ही गोष्ट त्यांना ग्वांगजूची गोष्ट वाटली.

शिन-ए ही विधवा लहान मुलाला घेऊन नवऱ्याच्या गावी येते. मुलाचं अपहरण होतं, तो मारला जातो. दुःखात बुडालेल्या बाईला चर्चमध्ये आधार मिळतो, आणि ती ठरवते की खुन्याला तुरुंगात भेटून क्षमा करायची. फुलं घेऊन जाते. जाळीपलीकडे खुनी बसलाय, चेहरा तजेलदार, अगदी निवांत. तो सांगतो की देवानं मला आधीच क्षमा केली आहे, आता मी शांत झोपतो.

त्या क्षणी जोन दो-यन या अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर काय होतं ते शब्दांत पकडण्याचा प्रयत्न मी सोडून दिलाय. रडणं नाही, राग नाही. दरवाजा उघडायला हात पुढं करावा आणि तिथं दरवाजाच नसावा, तसं काहीसं. तिच्या हातात एकच गोष्ट उरली होती, क्षमा करणं किंवा न करणं. तीही परस्पर कुणी देऊन टाकली. या भूमिकेसाठी जोन यांना कान महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन. शिन-एच्या मागे मेकॅनिक जोंग-चान फिरतो, सोंग कांग-हो यांनी साकारलेला. जरा भोळा, जरा बावळट. त्याला तिचं दुःख कळत नाही, पण तो जातही नाही. ली यांच्या जगात एवढं करणारा माणूससुद्धा विरळा आहे.

चित्रपट सुरू होतो गाडीच्या काचेतून दिसणाऱ्या आभाळानं आणि संपतो अंगणातल्या मातीवर. शिन-ए स्वतःचे केस कापते, जोंग-चान समोर आरसा धरतो, कॅमेरा खाली सरकतो आणि ओलसर मातीच्या एका कोपऱ्यावर ऊन पडलेलं दिसतं.

हा चित्रपट येण्याच्या तीन वर्षं आधी, २००४ मध्ये, याच मिर्यांगमध्ये एक खरं प्रकरण उघडकीला आलं होतं. माध्यमिक शाळांमधल्या चाळीसहून अधिक मुलांनी अल्पवयीन मुलींवर महिनोन्‌महिने सामूहिक अत्याचार केले होते. तपासात पोलिसांनीच पीडित मुलींचा अपमान केला. प्रकरण अखेर बालन्यायालयाच्या वाटेनं गेलं आणि एकाही मुलाच्या नावावर फौजदारी शिक्षा लागली नाही. त्या काळी कोरियात बलात्काराचा खटला साधारणपणे पीडितेच्या तक्रारीवाचून चालत नसे. ही अट २०१३ मध्ये पूर्णपणे गेली. म्हणजे समेटाचे पैसे देणं ही नुसती कुजबूज नव्हती, कायद्यानंच ठेवलेली फट होती. गप्प बसण्याला किंमत होती, म्हणून गप्प बसवणारे गिऱ्हाईक होते.

अशा घटनेवर चित्रपट करावा हे ली यांच्या मनात घोळत होतं, पण कसा ते सापडत नव्हतं. मग क्योतोमधल्या एका हॉटेलच्या खोलीत रात्री त्यांनी टीव्ही लावला. झोप न येणाऱ्या प्रवाशांसाठी लावतात तसला कार्यक्रम चालू होता. शांत नदी, तिच्यावरून उडणारे पक्षी, जाळी टाकणारे कोळी, खाली संथ संगीत. ते बघताना त्यांना या भयंकर गोष्टीचं नाव सुचलं : कविता. निर्मळ पाणी आणि बलात्कार एकाच चौकटीत ठेवायचे, हे त्या रात्री ठरलं असावं. चित्रपट तसाच सुरू होतो. काठावर मुलं खेळतायत, नदी चकाकतेय, आणि पाण्यावरून पालथं काहीतरी वाहत येतं.

मिजाचे दिवस

‘पोएट्री’ आला २०१० मध्ये. कोरियाच्या चित्रपट परिषदेच्या निधीसाठी पटकथा गेली तेव्हा एका परीक्षकानं तिला शून्य गुण दिले. हे पटकथेसारखं नाही, कादंबरीसारखं आहे, असं कारण सांगितलं गेलं. त्याच पटकथेला कानमध्ये सर्वोत्तम पटकथेचा पुरस्कार मिळाला. मिजा झालेल्या युन जंग-ही साठच्या दशकातल्या मोठ्या तारका, सोळा वर्षांनी पडद्यावर परतलेल्या. त्यांचं खरं नाव सोन मी-जा. पात्राला त्यांचंच नाव आहे.

मिजा सरकारी मदतीवर आणि एका पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्याला आंघोळ घालण्याच्या कामावर जगते. मिजाच्या लेकीनं उकला तिच्याकडे ठेवून दिलाय. त्याच सुमाराला ती कवितेच्या वर्गात नाव घालते. वर्गातला शिक्षक झालेला किम योंग-तेक हा खरोखरच कवी आहे. तो हातात सफरचंद धरून विचारतो, हे आजवर किती वेळा पाहिलंत? हजारो वेळा म्हणाल. पण खऱ्या अर्थानं एकदाही पाहिलेलं नाही. मिजा हे शब्दशः मनावर घेते. घरी सफरचंद टेबलावर ठेवून बघत बसते. मग म्हणते, सफरचंद बघण्यापेक्षा खाल्लेलं बरं, आणि सोलायला घेते. किती खरी आहे ती!

याच शिकवणुकीनं तिचा घात केला, किंवा तिला वाचवलं. नीट बघायला शिकलेल्या बाईला पुढं मुलीकडे न बघता राहता येत नाही. बापांनी दिलेलं काम सोपं होतं : वाटा भरायचा आणि गप्प बसायचं. पण ती चर्चमध्ये जाते, मुलीच्या श्राद्धाच्या प्रार्थनेतून तिचा फोटो उचलून आणते. शाळेच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत डोकावते. पुलावर जाऊन खाली बघते. टोपी वाऱ्यानं उडून नदीत पडते. काठावर बसून वही उघडते तर पाऊस येतो, आणि कोऱ्या कागदावर शब्दांऐवजी थेंब उमटत जातात. ते दृश्य ली बराच वेळ तसंच ठेवतात. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, म्हणून थेंबांचा आवाजही नीट ऐकू येतो.

आणि मग ते जर्दाळू. बापांनी तिला मुलीच्या आईकडे पाठवलं, बाईमाणूस आहात, तुमच्याशी ती मोकळेपणानं बोलेल म्हणून. वाटेत जमिनीवर गळून पडलेले जर्दाळू दिसतात. ती एक उचलून चाखते आणि वहीत लिहिते की जर्दाळू पुढच्या जन्मासाठी स्वतःला जमिनीवर झोकून देतं, चिरडून घेतं. पुढं शेतात आई भेटते. दोघी हवापाण्यावर, पिकावर, गोड जर्दाळूंवर बोलतात. मिजा हसतमुखानं निरोप घेते, काही पावलं चालते, आणि तेव्हा तिला आठवतं की आपण कशासाठी आलो होतो. विस्मरणाच्या आजारानं तिला मांडवली विसरायला लावली, आणि तेवढ्या पाच मिनिटांत त्या आईशी या प्रकरणात माणसासारखं बोललेली ती पहिलीच व्यक्ती ठरली. मागे फिरायचं धाडस तिला होत नाही.

पैशांचा प्रश्न उरतोच. म्हाताऱ्यानं एकदा तिच्याकडे शरीरसुखाची याचना केली होती, ती चिडून निघून गेली होती. पुलावरून परत आल्यावर, त्या पावसात भिजून, ती स्वतःहून त्याच्याकडे जाते. पुढं एक दिवस त्याच्याकडेच पन्नास लाख मागते. कारण सांगत नाही. तो धमकावतेस का असं लिहून विचारतो, ती हवं तर तसं समजा म्हणते. आपला वाटा भरते. बाप खूश होतात. आईनं मान्य केलंय, प्रकरण मिटलं.

शिबिरात वाद होतो तो इथं. कुणी म्हणतं, तिनं आईसाठी पैसे दिले, नातवासाठी नाही. कुणी म्हणतं, तिनं आधी सगळ्यांसारखंच केलं आणि मग तिला ते सोसवलं नाही. दोन्ही बरोबर असू शकतं, पण मला तिसरं दिसतं. त्या बाईच्या हिशेबात ही दोन वेगळी देणी आहेत. शेतात राबणाऱ्या आईला पैसा लागणार, तो तिला मिळायला हवा, आणि तो मिळवण्याची किंमत मिजानं स्वतःच्या शरीरानं मोजली. पण मेलेल्या मुलीचं देणं पैशांत फिटणारं नव्हतंच. बापांनी दोन्ही देणी एक करून टाकली होती, आणि सगळा खोटेपणा त्या एकत्र करण्यात होता. मिजानं ती पुन्हा सुटी केली. हे ती कुणाला समजावून सांगत नाही. तिला कदाचित शब्दही सापडले नसते.

तिनं तक्रार केली हे चित्रपट दाखवत नाही. कवितावाचनाच्या मंडळात एक पोलीस येतो, अश्लील विनोद सांगणारा, मिजाला त्याचा राग येतो. नंतर कळतं की वरिष्ठांचा भ्रष्टाचार उघड केल्यामुळं त्याची सोलहून इथं बदली झालीय. एका रात्री मंडळाच्या जेवणातून उठून ती बाहेर अंगणात बसून रडते. तो येऊन जवळ उकिडवा बसतो. काय झालं विचारतो. तिथं दृश्य संपतं.

मग उकसाठी पिझ्झा. त्याला आंघोळ करायला लावणं, त्याच्या पायाची नखं कापणं, माणसानं स्वच्छ असावं असं सांगणं. याआधी तिनं मुलीचा फोटो जेवणाच्या टेबलावर त्याच्यासमोर ठेवला होता. त्यानं एकदा बघितलं आणि जेवत राहिला. त्या पोराचं थंडपण या चित्रपटातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट आहे, आणि ली त्याला राक्षस करत नाहीत. संध्याकाळी दोघं घराखालच्या गल्लीत बॅडमिंटन खेळतात. शटल झाडात अडकतं. गाडी येऊन थांबते, दोघे उतरतात, एक उकला बाजूला घेऊन जातो. तो विनोद सांगणारा पोलीस जमिनीवरची रॅकेट उचलतो आणि आजीबरोबर खेळायला लागतो. ती वर बघत शटल परतवत राहते. मागे गाडीचं दार बंद होतं.

नंतर

‘बर्निंग’ यायला आणखी आठ वर्षं लागली. मधल्या काळात सरकारला नको असलेल्या कलावंतांच्या गुप्त याद्या तयार झाल्या होत्या, आणि त्यांत ली यांचंही नाव असल्याचं नंतर बाहेर आलं. २०१८ चा हा चित्रपट हारुकी मुराकामी यांच्या कथेवरून केलेला. हे-मी नावाची गरीब, कर्जात बुडालेली मुलगी एक दिवस नाहीशी होते. तिच्यासाठी बसणारी बैठकसुद्धा नाही, कारण तिला शोधणारंच कुणी नाही, एका होतकरू लेखकाखेरीज. या लेखकाचा बाप सरकारी माणसाला मारहाण केल्याबद्दल खटल्यात अडकलाय आणि माफीपत्र लिहायला तयार नाही. लेखक पोरगा बापाच्या चांगुलपणाचा अर्ज लिहून शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करत फिरतो. कादंबरी लिहू पाहणाऱ्या या मुलानं चित्रपटाचा बहुतेक काळ लिहिलेला मजकूर एवढाच : समेटाचा एक अर्ज. मला हा तपशील ‘पोएट्री’च्या वहीच्या शेजारी ठेवावासा वाटतो. मिजाच्या वहीत तिचे स्वतःचे शब्द यायला किती वेळ लागला, आणि इथं पहिलाच कागद दुसऱ्याच्या माफीसाठी खर्च झाला.

युन जंग-ही यांना पुढं खरंच विस्मरणाचा आजार झाल्याचं २०१९ मध्ये त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये पॅरिसमध्ये त्या गेल्या. ‘पोएट्री’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. डॉक्टर नामं आणि क्रियापदांचा क्रम सांगतात तो प्रसंग आता मला पूर्वीसारखा बघवत नाही.

कवितेच्या वर्गाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एक कविता आणायची होती. शिक्षक येतो तेव्हा टेबलावर फुलांचा गुच्छ आहे आणि एक कागद. मिजा वर्गात नाही. बाकी कुणीच कविता लिहिलेली नाही, अवघड होतं म्हणतात. तो मिजाची कविता वाचायला लागतो, ‘आग्नेसचं गाणं’. आग्नेस हे त्या मुलीचं चर्चमधलं नाव. कविता ली यांनी स्वतः लिहिली आहे. शिक्षकाचा आवाज मिजाचा होतो, पडद्यावर रिकामं घर, रिकामी गल्ली, शाळा दिसत जाते, आणि मध्येच आवाज एका मुलीचा होतो. अख्ख्या चित्रपटात बापांनी, शाळेनं, पत्रकारानं जिच्याबद्दल बोलणी केली ती पहिल्यांदाच बोलते. मग ती पुलावर उभी दिसते, पाठमोरी. वळते. सरळ आपल्याकडे बघते. त्यानंतर नुसती नदी आहे, पहिल्या दृश्यातली, आणि पाण्याचा तोच आवाज. या वेळी त्यावरून काही वाहत येत नाही.